जपानी भाषेच्या अंगणात
(जपानी अभ्यासवर्गाच्या प्रारंभी केलेले भाषण)



जपानी भाषा कठीण, अशी आपली समजूत असते. दोन हजारांहून अधिक कांजी चिन्हे आत्मसात करावी लागतात, हे खरेच. परंतु हिरागाना लिपीचा तक्ता पाहा: अ, इ, उ, ए, ओ, पुढे क, स, त, न. या क्रमावर आपल्या वर्णमालेचा ठसा आहे. बौद्ध भिक्षूंनी सिद्धम् लिपीच्या अध्ययनातून तो तेथे रुजविला. क्रियापदही मराठीप्रमाणेच वाक्याच्या शेवटी येते.

मात्र शब्द पाठ झाले म्हणजे भाषा आली, असे नव्हे. जेवणापूर्वी हात जोडून 'इतादाकिमासु', म्हणजे 'मी नम्रतेने ग्रहण करतो', असे म्हणणारी मुले आणि आपला वर्ग आपणच झाडणारे विद्यार्थी पाहिले, की त्या भाषेतील विनयाचा अर्थ उमगतो.

पाश्चात्त्य विद्या जपानने घेतली, ती स्वभाषेत आणून. तत्त्वज्ञानासाठी 'तेत्सुगाकु' हा शब्द निशी आमाने यांनी १८७४ च्या आपल्या ग्रंथात योजला; तो आजही रूढ आहे. आपण जपानी शिकावे, तेथे अर्थार्जनासाठीही अवश्य जावे. परंतु येताना एक प्रश्न सोबत आणावा. जे जपानला जपानीतून साधले, ते आपल्याला मराठीतून का साधू नये?