विवाल्दीचा गाणारा पक्षी

इटालियन संगीतकार अँटोनिओ विवाल्दी यांचे बासरीचे सहा कन्चेर्तो (एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचना) 1729च्या सुमारास अ‍ॅमस्टरडॅमला छापले गेले. त्यांतल्या तिसऱ्याला गोल्डफिंच या पक्ष्याचं नाव आहे: ‘इल गार्देल्लिनो’. त्याचा द्रुत लयीतला पहिला भाग आज समजून घेऊ.

आरंभी तंतुवाद्यवृंद मुख्य धून वाजवतो. ती ‘रितोर्नेल्लो’. गाण्याच्या ध्रुवपदासारखी ती पुन्हा भेटते, आणि दोन भेटींच्या मधली जागा बासरीची.

बासरीचा पहिला प्रवेश मात्र नीट कान देऊन ऐका. अख्खा वृंद गप्प होतो, खर्जाचा आधारही सुटतो. एकटी बासरी किलबिलू लागते: झरझर थरथरणारे स्वर, छोट्या उड्या, पुनरुक्ती. ताल जणू क्षणभर सैल होतो. मला हा विवाल्दींचा सर्वांत धीट निर्णय वाटतो. पुढे व्हायोलिनं तिच्याशी संवाद करतात.

रचना डी मेजरमध्ये आहे. त्या काळच्या एका चावीच्या लाकडी आडव्या बासरीला ही स्वरपट्टी सर्वांत सोयीची. म्हणूनच इतकी अवघड कलाकुसर तिच्यावर मोकळेपणानं वाजते. आता ऐकू या हाच भाग.