‘हाऊसवाइफ’ म्हणजे कोण?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



आज एका इंग्रजी शब्दाबद्दल बोलायचं आहे. ‘हाऊसवाइफ’. हा शब्द आता खेड्यापाड्यातही रुळलाय. शाळेच्या फॉर्मवर आईच्या व्यवसायापुढे आपण तोच लिहितो.

जुन्या इंग्रजीत ‘वाइफ’ म्हणजे नुसती बाई. हाऊसवाइफ म्हणजे घर चालवणारी बाई. पुढे हाच शब्द बोलता बोलता झिजून ‘हसी’ झाला आणि त्याचा अर्थ झाला उठवळ बाई! सैनिक जवळ बाळगत त्या सुईदोऱ्याच्या पिशवीलाही हेच नाव पडलं. या सगळ्यात तिचं काम मात्र कुठेच राहिलं नाही.

आपल्या सरकारी दप्तरातही तेच. २००१च्या जनगणनेत नुसतं घरकाम करणाऱ्या बायकांना भिकारी, कैदी आणि वेश्या यांच्या रांगेत, ‘काम न करणाऱ्यां’त बसवलं होतं. (वेश्या तरी बिनकामाच्या कशा, हाही प्रश्नच आहे.) अपघाताच्या भरपाईच्या एका खटल्यात २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने यावर कडक टीका केली.

आणि ही ‘काम न करणारी’ करते किती? २०१९च्या सरकारी पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या. म्हणजे जवळजवळ पाच तास, तेही बिनपगारी. घरकाम करणारे पुरुष मुळात थोडे, त्यांची मिनिटं ९७.

२०२३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या पुस्तिकेने ‘हाऊसवाइफ’ऐवजी ‘होममेकर’ म्हणा असं सुचवलं. चांगलंच झालं. पण नाव बदलल्याने भांडी घासणारे हात बदलत नाहीत.

म्हणून एक काम सांगते. घरच्या शेतात, धंद्यात बिनपगारी केलेलं कामही ‘काम’च, हे १९९१पासून जनगणनेच्या प्रश्नातच स्पष्ट केलं गेलं. तरी प्रगणक दारात आला, की ओट्यावरून सासरे सांगतात, “सून काही करत नाही, घरीच असते.” ती मात्र तेव्हा रानात खुरपत असते! २०२७च्या जनगणनेआधी आपल्या गटांनी वस्तीवस्तीत बैठका घ्याव्यात. निंदणी, खुरपणी, गुरांची धार, दुकानात बसणं, सगळ्याची यादी करावी. आणि प्रगणकाला उत्तर बाईने स्वतः द्यावं.