नंबर तोच, कंपनी दुसरी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, हे आता आपल्या अंगवळणी पडलं आहे. रिचार्ज महागला किंवा घरात रेंज येईनाशी झाली, की लोक सरळ ‘पोर्ट करून टाकतो’ म्हणतात. १९०० या क्रमांकावर एक संदेश पाठवायचा, आलेला आठ अक्षर-अंकांचा कोड घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचं, कागदपत्रं दाखवायची, आणि तीन-चार दिवसांनी जुनं सिम काढून नवं घालायचं. ग्राहकाच्या बाजूनं काम एवढंच. या तीन-चार दिवसांत पडद्यामागे काय चालतं, त्याबद्दल आज बोलायचं आहे. गेली वीस-बावीस वर्षं मी त्याच बाजूला काम करतो.

माझ्या हुद्द्याचं नाव ‘सोल्यूशन आर्किटेक्ट’ असं भारदस्त आहे. त्याचा अर्थ घरच्यांना सांगताना मी फार दिवस अडखळत असे. शेवटी सांगितलं, की आयटीआयमध्ये ‘जोडारी’ नावाचा व्यवसाय शिकवतात ना, मी तसा जोडारी आहे. फक्त लोखंडाचे भाग जोडण्याऐवजी संगणकांच्या यंत्रणा एकमेकींना जोडतो.

दूरसंचार कंपनी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे टॉवर येतो. पण टॉवरच्या मागे संगणकांची एक मोठी वसाहतच असते. ग्राहकाचं नाव-पत्ता ठेवणारी यंत्रणा वेगळी, बिल काढणारी वेगळी, प्रीपेडची शिल्लक सेकंदासेकंदाला मोजणारी वेगळी. ‘हा ग्राहक आपला आहे आणि या घडीला अमुक भागात आहे’ एवढंच लिहून ठेवणारी एक नोंदवही असते, तिला एचएलआर म्हणतात. लघुसंदेश पोहोचवणारी यंत्रणा आणखी निराळी, इतर कंपन्यांशी पैशांचा हिशेब करणारी त्याहून निराळी. यातली प्रत्येक वेगवेगळ्या पुरवठादारानं, वेगवेगळ्या वर्षी बसवलेली. अशा बारा यंत्रणा धरल्या आणि प्रत्येक दुसऱ्या प्रत्येकीशी थेट जोडायची म्हटली, तर सहासष्ट जोड होतात. तेरावी आली की अठ्ठ्याहत्तर. म्हणून आम्ही मध्ये एक सामायिक दुवा ठेवतो. प्रत्येकीनं त्याच्याशी ठरलेल्या भाषेत बोलायचं, परस्पर नाही. कागदावर हे फार सोपं दिसतं.

आता पोर्टिंगकडे येऊ. पूर्वी मोबाइल क्रमांकातच त्याचा पत्ता असे. पहिले काही आकडे पाहिले की कंपनी कोणती आणि सेवाक्षेत्र कोणतं, हे कळायचं. दूरसंचार खात्याच्या नकाशात मुंबई हे एक स्वतंत्र क्षेत्र आणि उरलेला महाराष्ट्र व गोवा मिळून दुसरं. देशातल्या प्रत्येक यंत्रणेनं ही गोष्ट गृहीत धरली होती. कॉल कुठं वळवायचा, दर कोणता लावायचा, दुसऱ्या कंपनीला किती पैसे द्यायचे, सगळं त्या सुरुवातीच्या आकड्यांवरून ठरे. दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, म्हणजे ट्रायनं, सप्टेंबर २००९ मध्ये क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याचे नियम काढले. २५ नोव्हेंबर २०१० रोजी हरियाणात आणि २० जानेवारी २०११ रोजी देशभर ही सोय सुरू झाली. सिंगापूरनं ती १९९७ मध्येच आणली होती. त्या जानेवारीपासून क्रमांकाचे पहिले आकडे पत्ता म्हणून खात्रीचे राहिले नाहीत. पण ते पत्ता आहेत असं समजून लिहिलेले हजारो छोटे-मोठे प्रोग्रॅम जागच्या जागीच होते.

कॉल नव्या घरी पोहोचवण्याचे दोन मार्ग आहेत. घर बदललं की आपण जुन्या शेजाऱ्याला सांगतो, ‘टपाल आलं तर पुढे पाठवा.’ ब्रिटननं ही पद्धत स्वीकारली. कॉल आधी जुन्या कंपनीकडे जातो आणि ती पुढे ढकलते. यात खर्च कमी, पण शेजारीच गाव सोडून गेला तर टपालही बुडालं. दुसरी पद्धत अशी, की पत्र टाकण्याआधीच पोस्टमननं मध्यवर्ती नोंदवहीत ‘हे गृहस्थ सध्या कुठं राहतात’ ते पाहायचं. भारतानं ही दुसरी पद्धत निवडली. माझ्या मते ती निवड शहाणपणाची होती. त्यासाठी देशाचे दोन विभाग केले आणि प्रत्येकाची नोंदवही एकेका स्वतंत्र संस्थेकडे सोपवली. महाराष्ट्र आणि मुंबई पहिल्या विभागात येतात. या नोंदवहीची प्रत प्रत्येक कंपनी आपल्याकडे ठेवते. तुम्ही नंबर फिरवलात की घंटी वाजण्याआधी तुमची कंपनी त्या प्रतीत डोकावते, आजच्या मालकाचा सांकेतिक क्रमांक घेते आणि मग कॉल सोडते.

सगळी मेख ‘प्रत’ या शब्दात आहे. नंबर एका कंपनीतून दुसरीकडे जाण्याचं प्रत्यक्ष काम रात्री होतं. जुन्या कंपनीनं आपल्या नोंदीतून तो काढायचा, नव्या कंपनीनं चालू करायचा, मधल्या संस्थेनं ही बातमी सगळ्यांना कळवायची आणि प्रत्येकानं आपली प्रत दुरुस्त करायची. यातला क्रम चुकला तर चालत नाही. नवीनं आधी चालू केला आणि जुनीनं काढलाच नाही, तर एका नंबरला दोन मालक. जुनीनं काढला आणि नवी अडखळली, तर एकही नाही. तो माणूस त्या रात्री जगाच्या दृष्टीनं अस्तित्वातच नसतो. त्याच्या घरी आजारी माणूस असू शकतं, हे आमच्या आकृत्यांत कुठंही लिहिलेलं नसतं.

पहिल्या दोन वर्षांतली एक तक्रार माझ्या कायमची लक्षात राहिली आहे. लासलगावकडचे एक कांदा व्यापारी. त्यांनी नंबर पोर्ट केला, फोन छान चालू झाला, सगळ्यांचे कॉल येत होते. फक्त त्यांच्या बँकेचा ओटीपी येईना. ऐन हंगामात शेतकऱ्यांचे पैसे वळते करायचे आणि ओटीपी नाही. बँक म्हणे, आम्ही पाठवला. नवी कंपनी म्हणे, आमच्यापर्यंत आलाच नाही. जुनी कंपनी म्हणे, हा ग्राहक आता आमचा नव्हे. प्रत्येकाच्या पडद्यावर हिरवे दिवे लागलेले, आणि व्यापाऱ्याच्या ओट्यावर शेतकरी बसलेले.

आम्ही संदेशाचा माग काढत गेलो. बँक संदेश थेट पाठवत नव्हती, तिनं एका कंत्राटदाराला काम दिलं होतं. त्या कंत्राटदाराच्या संगणकात एक जुना तक्ता होता, पहिल्या आकड्यांवरून कंपनी ओळखणारा. तो इमानेइतबारे प्रत्येक ओटीपी जुन्या कंपनीकडे धाडत होता. तिच्या यंत्रणेत तो नंबर नव्हता, म्हणून ती संदेश मुकाट्यानं टाकून देत होती आणि वर ‘मिळाला’ अशी पोचही देत होती. दुरुस्ती अर्ध्या तासाची होती. दोष नेमका कुठं आहे हे शोधायला आणि ‘हे आमचं काम’ असं कोणीतरी म्हणायला अकरा दिवस लागले.

तेव्हापासून ‘पाठवला’ या शब्दावर मी विश्वास ठेवत नाही. दोन यंत्रणा जोडताना मी आधी कागदावर विचारतो: पलीकडे पोहोचलं हे कोण सांगणार, किती वेळात सांगणार, आणि नाही पोहोचलं तर सकाळी कोणाचा फोन वाजणार? या तिसऱ्या प्रश्नाला बैठकीत सगळे चहाच्या कपाकडे बघू लागतात. माझ्या कामाचा मोठा भाग म्हणजे त्या कपांवरून नजर वर आणवणं. आकृती काढणं त्यामानानं सोपं. दर रात्री सगळ्या प्रती मूळ नोंदवहीशी ताडून बघायच्या आणि फरक निघाले तर त्यांची यादी एका नावानिशी माणसाकडे द्यायची, ही अट मी करारातच घालायला लावतो. पुरवठादारांना ती आवडत नाही.

पैशांचाही गुंता होता. एका कंपनीचा कॉल दुसरीकडे उतरला की पहिलीनं दुसरीला मिनिटामागे शुल्क द्यायचं. २०१५ मध्ये ते चौदा पैसे होतं, ऑक्टोबर २०१७ पासून सहा पैसे झालं आणि १ जानेवारी २०२१ पासून देशांतर्गत कॉलसाठी रद्दच झालं. तोवर जुन्या तक्त्यावरून हिशेब झाला, तर पैसे भलत्याच कंपनीच्या खात्यात जात. दर महिन्याच्या ताळेबंदात असे फरक निघत आणि त्यावर पत्रव्यवहार चाले. ग्राहकाचा ओटीपी अडकला तर कंपनीला कळायला आठवडा लागे, पण हे फरक तिच्या लगेच ध्यानात येत. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, धंदाच तसा आहे.

मात्र सुरुवातीच्या रचनेत एक गोष्ट मला पहिल्यापासून खटकत होती. कंपनी सोडण्यासाठी लागणारा कोड जुनी कंपनीच तयार करत असे. म्हणजे भाडेकरूनं घर सोडायचं, तर दाराची किल्ली घरमालकाच्या खिशात. फेब्रुवारी २०१८ मध्ये एअरसेलची सेवा तमिळनाडूत कोलमडली, तेव्हा हे फार ठळक दिसलं. लोकांना बाहेर पडायचं होतं, पण नेटवर्कच नाही म्हटल्यावर संदेश जाईना आणि संदेश गेला नाही की कोड मिळेना. कॉल वळवण्यासाठी आपण जुन्या शेजाऱ्यावर विसंबायचं नाही असं ठरवलं होतं. निघण्याच्या परवानगीसाठी मात्र त्याच्यावरच विसंबून होतो.

१६ डिसेंबर २०१९ पासून रचना बदलली. आता कोड मधली संस्था तयार करते. तुमचा संदेश आला, की ती जुन्या कंपनीच्या यंत्रणेला त्याच क्षणी विचारते: हा ग्राहक नव्वद दिवस तुमच्याकडे आहे का, पोस्टपेडचं थकीत बिल आहे का, न्यायालयाची मनाई वगैरे आहे का? उत्तरं अनुकूल असली तरच कोड निघतो. त्यामुळे आधी अर्ज करून मग आठवड्यानं ‘नामंजूर’ असं कळण्याचा मनस्ताप बराच कमी झाला. त्याच सेवाक्षेत्रात तीन कामकाजाचे दिवस, दुसऱ्या क्षेत्रात जायचं असेल तर पाच, अशी मुदत आहे. दुसऱ्या क्षेत्रात नंबर नेण्याची सोय ३ जुलै २०१५ पासूनची. नागपूरचा नंबर घेऊन बंगळूरला नोकरीला गेलेली मुलं ती सहज वापरतात. पण बंगळूर दुसऱ्या विभागात पडतं, त्यामुळे तिच्यासाठी दोन्ही विभागांच्या नोंदवह्या एकमेकींना जोडाव्या लागल्या होत्या.

२०२४ मध्ये पोर्टिंगच्या अर्जांचा एकूण आकडा शंभर कोटींपुढे गेला. एकच माणूस अनेकदा अर्ज करतो, हे धरूनही ही संख्या लहान नाही. त्याच वर्षी १ जुलैपासून आणखी एक नियम आला. सिम हरवलं किंवा बदललं, तर त्यानंतर सात दिवस कोड मिळत नाही. भामटे दुसऱ्याच्या नावानं नवं सिम काढतात आणि लगेच नंबर पळवतात, म्हणजे बँकेच्या खात्याची किल्लीच पळवतात. त्यांना अडवण्यासाठी हे सात दिवस. आमच्या दृष्टीनं हा आणखी एक जोड: सिम बदलल्याची नोंद ठेवणारी यंत्रणा आता कोडच्या उत्तरात सामील झाली. ज्याचं सिम खरोखरच खराब झालं त्यालाही थांबावं लागतं आणि तो चिडतो. त्याचं चिडणं मला समजतं, तरी हा नियम असावा असंच मी म्हणेन.

आता पोर्ट करायचंच असेल, तर जोडारी म्हणून दोन-तीन गोष्टी सांगतो. प्रीपेडची उरलेली शिल्लक नव्या कंपनीकडे येत नाही, तेव्हा वर्षभराचं रिचार्ज करून आठ दिवसांनी पोर्ट करू नका. मिळालेला कोड, आपल्याकडे तरी, चारच दिवस चालतो. मुलांच्या परीक्षेचे अर्ज भरायचे आहेत किंवा बँकेचा मोठा व्यवहार आहे, असा आठवडा टाळा. नंबर सुरू झाला की नुसता मित्राला फोन लावून पाहू नका, बँकेचा एखादा ओटीपीही मागवून बघा. आणि जुनं सिम दुकानातच काढून टाकू नका. त्याचं नेटवर्क आपोआप जाईपर्यंत ते फोनमध्येच असू द्या, गेलं की नवं घाला.