पहाटेच्या देशातले लोक

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



माझा आवाज तुमच्यापर्यंत एका यंत्रातून पोचतो आहे. तेव्हा आजच्या विषयाची सुरुवातही यंत्राने टिपलेल्या आवाजापासूनच करू या. साल होते 1890, महिना मार्चचा. अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात मेन नावाचे राज्य आहे. तिथल्या कॅलेस या गावी जेसी वॉल्टर फ्यूक्स नावाचे एक अभ्यासक एडिसनचा फोनोग्राफ घेऊन गेले. पासामाक्वॉडी जमातीच्या लोकांनी त्या कर्ण्यासमोर गाणी म्हटली, गोष्टी सांगितल्या आणि मेणाच्या नळकांड्यांवर ते आवाज कोरले गेले. अमेरिकेतल्या आदिवासींच्या मुलखात जाऊन केलेले हे पहिले ध्वनिमुद्रण मानले जाते. नळकांडी पुढे संग्रहालयात गेली. ज्यांचे ते आवाज, त्यांच्या वंशजांच्या हाती त्यांच्या प्रती पडायला जवळजवळ शंभर वर्षे लागली. आता संगणकाच्या मदतीने खरखर कमी केलेले ते आवाज ड्वेन टोमा हे पासामाक्वॉडी भाषेचे शिक्षक पुन्हा पुन्हा ऐकतात, एकेक शब्द उतरवून घेतात आणि ती गाणी आजच्या मुलांना शिकवतात.

आपलाच आवाज आपल्याला दुसऱ्याच्या कपाटातून परत मागून घ्यावा लागावा, ही या लोकांची गोष्ट आहे. आवाजाची आहे, तशीच ती जमिनीची, पाण्याची आणि अधिकाराचीही आहे.

पासामाक्वॉडी ही वाबानाकी समूहातली एक जमात. पेनॉब्स्कॉट, मालिसीट, मिकमॉ आणि अबेनाकी ही तिची भावंडे. वाबानाकी म्हणजे पहाटेच्या देशातले लोक. खंडाच्या पूर्व टोकाला राहणारे, सूर्य आधी पाहणारे, म्हणून हे नाव. हजारो वर्षे ते या नद्यांच्या आणि समुद्राच्या काठाने राहत आले आहेत.

त्यांची मागणी एका शब्दात सांगायची तर सार्वभौमत्व. शब्द जड आहे, ऐकणाऱ्याला धडकी भरवणारा आहे. पण या लोकांना वेगळे सैन्य नको आहे, वेगळे चलन नको आहे. आमच्या जमिनीवर, आमच्या पाण्याविषयी, आमच्या मुलाबाळांविषयी निर्णय आम्ही घेऊ, एवढेच त्यांचे म्हणणे आहे. अमेरिकेत संघराज्याने मान्यता दिलेल्या 570 हून अधिक जमाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना हा अधिकार बऱ्याच प्रमाणात आहे. मेनमधल्या चार जमातींना तो तितका नाही. का नाही, ते समजायला थोडे मागे जावे लागेल.

1790 मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने एक कायदा केला. संघराज्याच्या संमतीशिवाय आदिवासींची जमीन कोणी घ्यायची नाही, असा तो कायदा. चारच वर्षांनी, 1794 मध्ये, मॅसॅच्युसेट्स राज्याने पासामाक्वॉडींशी करार करून त्यांची बहुतेक जमीन घेतली. तेव्हा मेन हा मॅसॅच्युसेट्सचाच भाग होता. पेनॉब्स्कॉट जमातीशी 1796 आणि 1818 मध्ये असेच करार झाले. काँग्रेसची संमती यांपैकी एकालाही नव्हती. आपल्या भाषेत सांगायचे तर सातबारा फिरला, पण खरेदीखतच बेकायदा होते.

हे कोणाच्या ध्यानात राहिले नाही. राहील कसे? मेनच्या आरक्षित वस्त्यांवर राहणाऱ्या आदिवासींना संघराज्याच्या निवडणुकीत मतदान करता येऊ लागले ते 1954 मध्ये आणि राज्याच्या विधिमंडळासाठी 1967 मध्ये. ज्याला मत नाही त्याची दाद कोण घेणार? पण 1957 मध्ये एका म्हाताऱ्या पासामाक्वॉडी बाईंनी घरात जपून ठेवलेले कागदांचे खोके जमातीचे प्रमुख जॉन स्टीव्हन्स यांना दाखवले. त्यात 1794 च्या कराराची प्रत होती. तिथून चक्रे फिरली. टॉम टुरीन नावाच्या तरुण वकिलाने 1790 चा जुना कायदा पुढे केला. 1975 मध्ये न्यायालयाने सांगितले की तो कायदा या जमातींनाही लागू आहे आणि त्यांच्या हिताचे रक्षण करणे हे संघराज्याचे कर्तव्य आहे. दावा होता सुमारे सव्वा कोटी एकरांचा, म्हणजे मेन राज्याच्या जवळजवळ दोनतृतीयांश भूमीचा. राज्यात एकच खळबळ उडाली.

अखेर 1980 मध्ये तडजोड झाली आणि राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी त्या कायद्यावर सही केली. जमातींनी दावा सोडायचा, बदल्यात 8 कोटी 15 लाख डॉलर मिळणार. त्यातल्या बऱ्याचशा पैशातून सुमारे 3 लाख एकर जमीन विकत घेता येणार. पैसा आला, जमीनही आली. पण कलमांत दोन पाचर मारून ठेवल्या होत्या. एक, पासामाक्वॉडी आणि पेनॉब्स्कॉट यांना राज्याने बऱ्याच बाबतींत नगरपालिकेसारखे वागवायचे. दुसरी अशी, की 1980 नंतर काँग्रेसने आदिवासींच्या हिताचा कोणताही कायदा केला आणि त्याने मेन राज्याच्या अधिकाराला बाध येत असला, तर मेनचा स्पष्ट उल्लेख असल्याशिवाय तो इथे लागू होणार नाही. म्हणजे देशभरातल्या जमातींच्या पानात नवे काही वाढले की मेनच्या पंक्तीला मात्र ते पोचायचे नाही.

याचा अर्थ रोजच्या जगण्यात काय होतो? सिपायिक या पासामाक्वॉडी वस्तीचे उदाहरण घ्या. वर्षानुवर्षे तिथल्या नळाला तपकिरी पाणी येई. ते एका उथळ तळ्यातले. शुद्धीकरणासाठी घातलेल्या क्लोरीनमधून अपायकारक संयुगे तयार होत. जवळच जमातीच्या मालकीच्या जागेत विहिरी घेता आल्या असत्या. पण ती जागा जमातीच्या अधिकारक्षेत्रात आणायची तर 1980 च्या तडजोडीनुसार शेजारच्या नगराची संमती हवी. प्यायच्या पाण्यासाठी आपल्याच जमिनीवर दुसऱ्याची परवानगी! हा तिढा सोडवायला 2022 मध्ये राज्याला खास कायदा करावा लागला. सार्वभौमत्व या जड शब्दाचा अर्थ असा पेलाभर स्वच्छ पाण्याइतका साधा आहे.

त्याच वर्षी हार्वर्ड विद्यापीठातल्या अभ्यासकांनी एक अहवाल दिला. 1989 पासून अमेरिकेतल्या इतर जमातींचे दरडोई उत्पन्न 61 टक्क्यांनी वाढले, तर मेनमधल्या जमातींचे फक्त 9 टक्क्यांनी. आदिवासींना अधिकार दिले की शेजाऱ्यांचे नुकसान होते, अशी एक समजूत असते. अभ्यासकांचा निष्कर्ष उलटा होता. जमाती वर आल्या की भोवतालच्या गावांतही रोजगार वाढतो, असे त्यांनी दाखवून दिले.

विरोधकांचेही म्हणणे ऐकले पाहिजे. 2023 मध्ये दुसरी पाचर काढणारे विधेयक मेनच्या विधिमंडळाने मंजूर केले, तेव्हा गव्हर्नर जॅनेट मिल्स यांनी ते नाकारले. त्याची भाषा मोघम आहे, त्यातून कोर्टकचेऱ्या वाढतील, असे त्यांचे म्हणणे. शंका अगदीच गैर नाही. पण कोर्टकचेऱ्या आजही चालूच आहेत आणि त्यांत जमातींचाच पैसा आणि वेळ जातो आहे. भाषा मोघम असेल तर ती नेमकी करावी. त्यासाठी हक्कच अडवून धरणे न्यायाचे नाही.

त्याच वर्षी आणखी एक घटना घडली. 1820 मध्ये मेन वेगळे राज्य झाले, तेव्हा आदिवासींशी झालेल्या करारांची जबाबदारी आपण घेतो, असे कलम त्याच्या घटनेत होते. 1876 पासून ते कलम छापणे बंद केले गेले. कलम रद्द नाही, लागूच आहे, फक्त छापायचे नाही! नोव्हेंबर 2023 मध्ये यावर लोकांचे मत घेतले गेले आणि सुमारे 73 टक्के मतदारांनी सांगितले, छापा. सामान्य माणसाला दिलेला शब्द लपवणे आवडत नाही, हे त्यातून दिसले.

आता नदीकडे येऊ. पेनॉब्स्कॉट नदीची एक जुनी कथा आहे. एका राक्षसी बेडकाने सगळे पाणी अडवून ठेवले. लोक तहानेने तडफडू लागले. मग ग्लुस्काबे या वीराने त्याला मारले, भले मोठे झाड त्याच्यावर कोसळले आणि खोड-फांद्यांची नदी झाली. तहानलेल्यांनी पाण्यात उड्या घेतल्या. कोणी मासा झाले, कोणी कासव. त्यांवरून कुळांना नावे पडली, आपल्याकडच्या देवकांची आठवण व्हावी तशी. पुढे माणसांनीच या नदीवर धरणे बांधली, कागदगिरण्यांनी तिच्यात विष सोडले. 1912 पासून हंगामातला पहिला सॅमन मासा राष्ट्राध्यक्षांना भेट जाई, ती प्रथा 1992 नंतर बंद पडली. मासाच उरला नव्हता.

पेनॉब्स्कॉट जमात, पर्यावरण संस्था आणि वीज कंपनी यांनी मिळून तोडगा काढला. 2012 मध्ये ग्रेट वर्क्स आणि 2013 मध्ये व्हीझी ही धरणे पाडली, तिसऱ्याला वळसा घालून माशांसाठी वाट केली. इतर धरणांची क्षमता वाढवल्यामुळे वीजही कमी झाली नाही. आता दरवर्षी लाखो हेरिंग मासे समुद्रातून वर येतात. आणि तरीही 2021 मध्ये न्यायालयाने निकाल दिला की नदीतली बेटे जमातीची, भोवतालचे पाणी तिच्या आरक्षित प्रदेशात मोडत नाही. ज्यांनी नदी जिवंत केली, त्यांचीच ती नव्हे!

जंगलाचेही तसेच. ग्लुस्काबेने अ‍ॅश झाडावर बाण मारला आणि त्यातून आपण बाहेर आलो, असे हे लोक मानतात. त्याच झाडाचा ओंडका कुऱ्हाडीच्या तुंब्याने ठोकून ठोकून त्याची वर्षावर्षाची वलये सुटी करतात आणि त्या पट्ट्यांच्या टोपल्या विणतात. मॉली नेप्च्यून पार्कर या पासामाक्वॉडी कलावतीला 2012 मध्ये या कलेसाठी राष्ट्रीय सन्मान मिळाला. 2018 मध्ये आशियातून आलेला, अ‍ॅश झाडे पोखरणारा किडा मेनमध्ये आढळला. तेव्हापासून पुढच्या पिढीसाठी झाडांचे बी गोळा करून ठेवणाऱ्यांत हे बुरूड पुढे आहेत. आपल्या हयातीत ज्याची टोपली होणार नाही अशा झाडाचे बी जपणे, हीच जमिनीची राखण.

शेवटी एका बेटाविषयी सांगतो. बिग लेक या सरोवरातले पाइन आयलंड 1794 च्या करारात पासामाक्वॉडींना राखून दिले होते. तेही पुढे हातचे गेले. 2021 मध्ये, एका निसर्गसंस्थेच्या मदतीने, जमातीने ते सुमारे 150 एकरांचे बेट बाजारभावाने विकत घेतले. आपलेच बेट, स्वतः पैसे मोजून. आवाज परत आला, एक बेट परत आले. आता त्यांच्याविषयीचे निर्णय त्यांच्याकडे परत यायला हवेत. त्यासाठी कोणाला उपकार करायचे नाहीत. छापलेला शब्द पाळला तरी पुरे.