रोलर म्हणजे लाटणं नव्हे! फोम रोलर आणि मसाज बॉल कसे निवडायचे, कसे वापरायचे

गेल्या काही दिवसांत तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तीन प्रश्न विचारलेत. फोम रोलर घ्यावा का? घेतला तर कोणता? आणि वापरताना डोळ्यांत पाणी येईपर्यंत दुखतं, ते बरोबर आहे का?

तिसऱ्याचं उत्तर आधी देते, कारण बाकीची दोन त्यावरच अवलंबून आहेत. नाही, बरोबर नाही. इतकं दुखायला नको.

आपल्याकडे समज असा की स्नायूत "गाठ" झाली आहे आणि ती जोर लावून फोडायची. लाटण्याखाली कणीक पसरते तसा स्नायू पसरेल, असं वाटतं. पण शरीर कणकेसारखं नसतं. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका गणिती अभ्यासात दिसलं की मांडीच्या बाहेरच्या बाजूचं जाड आवरण किंवा तळपायाचं आवरण यांचा आकार अवघा 1 टक्का बदलायलाही, शरीराला एरवी सोसतं त्यापलीकडचं बल लागेल. म्हणजे रोलरवर लोळून आपण ते ताणत नाही, सोडवतही नाही.

मग बरं का वाटतं? मुख्यतः मज्जासंस्थेमुळे. हलका, सावकाश दाब मिळाला की त्या भागाची दुखण्याची जाणीव कमी होते, स्नायू ताण सोडतो आणि सांधा थोडा जास्त वळतो. हा परिणाम काही मिनिटं टिकतो, कायमचा नाही. उलट दाब इतका असेल की तुम्ही दात-ओठ खाताय, श्वास रोखताय, तर स्नायू स्वतःला वाचवायला आणखी आखडतो. म्हणजे मेहनतही वाया आणि वर काळेनिळे डाग.

आता थोडं खरं-खोटं करू. 2019 मध्ये 21 अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. निष्कर्ष असा की रोलरचे फायदे एकंदरीत छोटे आहेत. लवचिकता थोडी वाढते, दुखणं थोडं कमी जाणवतं. आणि गंमत म्हणजे व्यायामानंतरच्या रिकव्हरीपेक्षा व्यायामाआधीच्या वॉर्मअपसाठी त्याची बाजू जास्त भक्कम निघाली.

आपल्या ओळखीचं उदाहरण घेऊ. सातारा हिल हाफ मॅरेथॉन. यवतेश्वरचा घाट चढायचा आणि तोच उतरायचा. दुसऱ्या दिवशी जिना चढता येतो, पण उतरताना कठडा धरावा लागतो. का? उतारावर मांडीचा पुढचा स्नायू लांबत असतानाच ब्रेक लावत असतो. त्यात स्नायूचे तंतू सूक्ष्म पातळीवर दुखावतात. हे दुखणं साधारण 24 ते 72 तासांत सगळ्यात जास्त असतं आणि मग आपोआप ओसरतं. रोलरने ते सुसह्य होईल. पण दुरुस्ती होते ती झोपेने, पोटभर जेवणाने आणि दोन-तीन दिवस हलकं चालण्याने. रोलर फिरवला म्हणून तिसऱ्याच दिवशी पुन्हा घाट गाठू नका.

कोणता घ्यायचा?

पहिला रोलर साधा, गुळगुळीत आणि मध्यम मऊ घ्या. अंगठ्याने दाबला की थोडा आत जायला हवा. व्यास साधारण 15 सेंटिमीटर. घरात ठेवायला 30 किंवा 45 सेंटिमीटर लांबीचा पुरतो. 90 वाला फक्त पाठीखाली उभा ठेवून झोपायचं असेल तरच. अगदी स्वस्त, हलक्या फोमचा काही महिन्यांत चपटा होतो. ईव्हीए फोमचा जास्त टिकतो. खाचा, काटे, आतून पोकळ कडक नळी, कंपन करणारी मोटर, हे सगळं नंतर. नवख्या माणसाला त्याची गरज नाही.

बॉलचं तर त्याहून सोपं. घरातला साधा टेनिस बॉल घ्या. तो फारच मऊ वाटला तर गल्ली क्रिकेटचा हेवी टेनिस बॉल. त्यानंतर कडक रबरी मसाज बॉल. सीझन बॉल मात्र नको. तो फार कडक असतो आणि शिवण टोचते. दोन टेनिस बॉल एका मोज्यात घालून गाठ मारली की मणक्याच्या दोन्ही बाजूंना दाब देणारं साधन तयार. मणका मधल्या फटीत मोकळा राहतो.

वापरायचा कसा?

एका स्नायूला 30 ते 60 सेकंद, फार तर दोन मिनिटं. वेग सावकाश, सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर. दुखण्याला दहापैकी गुण द्या आणि पाचच्या वर जाऊ देऊ नका. कसोटी सोपी आहे: बोलता येतंय का, श्वास चालू आहे का? नसेल तर हातांवर किंवा दुसऱ्या पायावर वजन घ्या.

पोटऱ्या, मांड्या, कुल्ले आणि पाठीचा वरचा भाग, इथे रोलर. कंबरेवर, मानेवर, गुडघ्याच्या मागच्या खळगीत आणि थेट हाडावर नको. मांडीच्या बाहेरच्या पट्टीवर जोरात घासणारे खूप जण दिसतात. ती पट्टी लांबत नाही. कुल्ल्याचा आणि मांडीच्या पुढचा स्नायू घ्या.

जमिनीवर बसता-उठता येत नसेल, तर बॉल भिंत आणि पाठ यांच्यामध्ये धरा, किंवा खुर्चीत बसून तळपायाखाली फिरवा. कुल्ल्याखाली बॉल असताना पायात मुंग्या किंवा कळ उतरली, तर नसेवर दाब येतोय. लगेच जागा बदला.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं.

काही दुखणी रोलरची नसतातच. एकाच पायाची पोटरी सुजली आहे, गरम लागते, लाल झाली आहे, विशेषतः लांबच्या बस किंवा विमान प्रवासानंतर, तर रोलर अजिबात लावू नका. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. सोबत धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर थेट हॉस्पिटल. नडगीच्या हाडावर एका बोटाने दाखवता येईल अशी जागा दुखते आणि धावताना वाढते, तर हाडाला बारीक चीर असू शकते. तीही तपासून घ्या.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, हाडं ठिसूळ असतील, पायावर फुगलेल्या शिरा असतील, गरोदरपण असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. मधुमेहामुळे तळपायाची संवेदना कमी झाली असेल, तर बॉल वापरूच नका. लागलेलं कळत नाही आणि जखम चिघळते.

तर मंडळी, दुखणं हा निरोप आहे. रोलर त्याचा आवाज कमी करतो, निरोप वाचायचं काम आपलंच. घरात आजी-आजोबा किंवा बाबा टीव्हीसमोर बसून पोटरीवर रोलर फिरवत असतील, तर आजचा शेवटचा भाग त्यांना जरूर ऐकवा.

प्रश्न पाठवत राहा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!