ट्रॅक्टरची गळकी डिझेल टाकी : दुरुस्त करावी की बदलावी?

(नेकनूर, जि. बीड येथे शेतकऱ्यांपुढे केलेले भाषण)



कृषिविद्येचा माणूस डिझेलच्या टाकीवर काय बोलणार, असे तुम्हाला वाटेल. पण टाकीचा आणि पेरणीचा संबंध जवळचा आहे. सोयाबीनची पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर, वापशावर करावी अशी शिफारस आहे. आपल्या बालाघाटाच्या हलक्या-मध्यम जमिनीत वापसा फार दिवस टिकत नाही. नेमक्या त्या दिवसांत ट्रॅक्टर वेल्डिंगच्या दुकानापुढे उभा राहिला, तर पेरणी लांबते आणि उत्पादनात घट येते. उसाच्या गाड्या ओढण्यासाठी दसरा-दिवाळीनंतर कारखान्यावर जाणाऱ्या ट्रॅक्टरचेही तसेच आहे. म्हणून टाकीचे काम हंगामाआधी उरकावे. ते स्वस्तात कसे करावे आणि जिवाला धोका न होता कसे करावे, एवढेच आज सांगणार आहे.

गळती मोजा

थेंब-थेंब गळतीकडे कोणी लक्ष देत नाही. रात्री ट्रॅक्टर उभा असताना गळक्या जागेखाली बाटली लावा आणि तासाभरात किती डिझेल जमते ते पाहा. समजा ५० मिलिलिटर जमले. दिवसाला १.२ लिटर झाले. डिझेल ९० रुपये लिटर धरले तरी रोजचे १०८ रुपये आणि महिन्याचे ३,२४० रुपये मातीत जातात. शिवाय बहुतेक ट्रॅक्टरची टाकी इंजिनाजवळच असते. गळलेले डिझेल तापलेल्या सायलेन्सरवर किंवा उघड्या वायरवर पडले की आग लागण्याची भीती असते. उसाचे पाचट किंवा कडबा भरलेल्या वाहनाला तर हा धोका जास्तच.

गळती नेमकी कुठे आहे?

पुष्कळदा टाकी चांगली असते आणि गळती दुसरीकडेच असते. डिझेल पत्र्यावरून ओघळत खाली येते, त्यामुळे जिथे थेंब दिसतो तिथेच भोक असेल असे नाही. टाकी बाहेरून स्वच्छ पुसून घ्या. खडूची पूड पाण्यात कालवून संशयित जागी पातळ लेप द्या आणि वाळू द्या. पांढऱ्या लेपावर डिझेलचा ओला डाग जिथे प्रथम उमटेल, तिथे गळती आहे असे समजा.

डाग कॉकपाशी किंवा पाइपाच्या जोडापाशी उमटला, तर काम थोडक्यात भागते. तांब्याचे वायसर दबून कडक झालेले असते. नवे वायसर अगदी स्वस्त मिळते. ते न मिळाल्यास जुने वायसर ट्रॅक्टरपासून दूर नेऊन लाल होईपर्यंत तापवावे आणि पाण्यात बुडवावे. तांबे मऊ होते आणि जोड पुन्हा बसतो. रबरी पाइपाला चिरा पडल्या असतील तर पाइपच बदला.

टाकी काठोकाठ भरून ट्रॅक्टर उन्हात लावला, तर डिझेल फुगून झाकणातून बाहेर येते. ५० लिटर डिझेल २० अंशांनी तापले की सुमारे ८०० मिलिलिटर वाढते. त्याला गळती समजू नका. वर थोडी जागा ठेवा.

तात्पुरता उपाय

रानात असताना बारीक भोक पडले, तर अंगाच्या साबणाची वडी त्यावर घासून साबण आत दाबावा. साबण डिझेलमध्ये विरघळत नाही, त्यामुळे घरी पोहोचेपर्यंत काम भागते. त्यापेक्षा टिकाऊ उपाय एम-सीलसारख्या लुकणाचा. त्यासाठी डिझेल भोकाच्या पातळीखाली उतरवावे, पॉलिश पेपरने रंग व गंज घासून पत्रा उघडा करावा आणि तेलकटपणा पूर्ण काढावा. ओलसर पत्र्यावर लुकण धरत नाही. लावल्यावर एक रात्र हात लावू नये. काही ट्रॅक्टरच्या टाक्या प्लास्टिकच्या असतात. त्या पॉलिथीनवर लुकण चिकटत नाही. तिथे प्लास्टिक वेल्डिंग जाणणारा कारागीर पाहावा किंवा टाकी बदलावी.

वेल्डिंग करताना जीव सांभाळा

आता सर्वांत महत्त्वाचे. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते, कारण तिच्यात डिझेलची वाफ आणि हवा मिसळलेली असते. भारतीय मानक आयएस १४६० प्रमाणे डिझेलचा भडकबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो बिंदू, किमान ३५ अंश सेल्सिअस असावा लागतो. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे सावलीतच पारा ४० अंशांच्या पुढे जातो, आणि उन्हातला पत्रा त्याहून तापतो. ‘डिझेल पेटत नाही’ हा समज सोडून द्या. मोटारसायकलची पेट्रोलची टाकी तर थंडीतही भडकते. ती घरी कधीच झाळू नये.

टाकी वेल्डिंगला देताना पुढील क्रम पाळावा, आणि मिस्त्री पाळतो की नाही ते स्वतः पाहावे :

१. बॅटरीची वायर सोडावी. डिझेल कॅनमध्ये काढून तो कॅन दूर ठेवावा.

२. टाकी ट्रॅक्टरवरून उतरवावी. जागेवर बसलेल्या टाकीला वेल्डिंग करू नये.

३. झाकण, कॉक आणि काट्याचा फ्लोट काढून सर्व तोंडे मोकळी करावीत.

४. गरम पाणी व धुण्याचा सोडा घालून टाकी खळखळून धुवावी. मूठभर स्वच्छ खडे घातल्यास आतला गाळ सुटतो. निदान तीन वेळा धुवावे. पेट्रोलने धुणे म्हणजे आगीला आमंत्रण.

५. भोक वरच्या बाजूला येईल अशी टाकी ठेवून भोकाच्या जरा खालपर्यंत पाणी भरावे. वाफेला जागाच उरत नाही. तोंडे उघडीच असावीत.

६. आत पाहण्यासाठी काडी ओढू नये. जवळ विडी-सिगारेट नको, मुले नकोत.

काही ठिकाणी चालू ट्रॅक्टरच्या सायलेन्सरचा धूर टाकीत सोडतात आणि टाकी सुरक्षित झाली असे मानतात. डिझेल इंजिन रिकामे फिरत असताना त्याच्या धुरात बराच प्राणवायू शिल्लक असतो. त्यामुळे या उपायावर भिस्त ठेवू नये. धुतलेल्या टाकीच्या जोडातही डिझेल लपलेले असते आणि उष्णता लागताच त्याची वाफ होते, म्हणून पाणी भरणे टाळू नये.

झाळकाम झाल्यावर पाणी भरून टाकी रात्रभर ठेवावी. कॉम्प्रेसरची हवा भरून तपासू नये, पातळ पत्रा फाटतो. मग टाकी पूर्ण वाळवून थोड्या डिझेलने विसळावी, फिल्टर बदलावा आणि टाकी बसवल्यावर पाइपातील हवा काढावी.

टाकी केव्हा बदलावी?

गळक्या जागेभोवतीचा पत्रा पेचकसच्या टोकाने दाबून पाहावा. पत्रा टणक असेल आणि एक-दोनच भोके असतील तर दुरुस्ती परवडते. टोक आत रुतत असेल किंवा आतून गंजाचे पापुद्रे निघत असतील, तर एक भोक बुजवले की शेजारी दुसरे पडते. तो गंज फिल्टर ओलांडून पंपात व नोझलमध्ये गेला, तर त्या दुरुस्तीत नव्या टाकीहून जास्त पैसे जातात.

जुन्या सामानाच्या दुकानातील टाकी निम्म्या-पाऊण पैशांत मिळू शकते. घेताना बॅटरीने आतून पाहावे, त्याच मॉडेलची आहे का आणि पाइपाची जागा जुळते का ते तपासावे, आणि पाणी भरून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नयेत. पत्र्याची टाकी बनवून घ्यायची असेल तर जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वापरू नये. जस्ताची डिझेलशी क्रिया होऊन चिकट साका तयार होतो आणि फिल्टर तुंबतो.

पुन्हा गळू नये म्हणून

टाकी मुख्यतः आत साचलेल्या पाण्याने गंजते. अर्ध्या टाकीत रात्रीच्या गारव्याने हवेतील ओलावा पत्र्यावर धरतो आणि तळाशी जमतो. म्हणून काम संपल्यावर संध्याकाळी डिझेल भरावे आणि आठवड्यातून एकदा, सकाळी ट्रॅक्टर चालू करण्याआधी, तळाचा बोल्ट सैल करून पाणी व गाळ काढावा. टाकीच्या पट्ट्यांखाली जुन्या ट्यूबचे तुकडे घालावेत. धक्क्यांनी पत्रा घासत नाही.

मृगाआधी एक सकाळ काढा, खडूचा लेप द्या आणि टाकी तपासा. पाऊस पडल्यावर ट्रॅक्टर शेतात असला पाहिजे.