चाकांवरची शाळा आणि वेळेचे भांडवल



अमेरिकेत काही मध्यमवर्गीय कुटुंबे घर सोडून कॅम्परमध्ये, म्हणजे निवासी मोटारगाडीत, राहतात आणि प्रवासातच मुलांना शिकवितात. पेट्रोलच्या हिशेबातून गणित, नकाशावरून भूगोल. जॉन होल्ट यांनी १९७७ मध्ये शाळेविना शिक्षणाचा पुरस्कार करणारे नियतकालिक काढले. १९९३ पर्यंत गृहशिक्षणाला पन्नासही राज्यांत कायदेशीर मान्यता मिळाली. नियम मात्र राज्यागणिक भिन्न आहेत. न्यूयॉर्कमध्ये पालकांना त्रैमासिक अहवाल द्यावे लागतात. टेक्सासमध्ये शासनाला कळविण्याचेही बंधन नाही.

या प्रयोगाची टवाळी करण्याचे कारण नाही. लहान मूल पाहून, हाताळून शिकते, हे खरेच आहे. परंतु या शिक्षणाचे मुख्य भांडवल म्हणजे पालकांचा मोकळा वेळ, आणि वेळेची वाटणीही वर्गानुसारच होते.

त्याच देशात पिकांच्या हंगामामागे गावोगाव जाणाऱ्या शेतमजुरांची मुलेही फिरतीवरच वाढतात. त्यांचे आईबाप दिवसभर शेतात राबतात. त्यांना शिकविणार कोण? त्यांच्यासाठी १९६६ मध्ये केंद्र शासनाला स्वतंत्र शिक्षणयोजना आखावी लागली. ऊसतोडीच्या गाड्यांबरोबर हिंडणारी मुले ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हा भेद समजावून सांगावा लागत नाही.

शाळा सोडण्याचे स्वातंत्र्य ज्यांच्यापाशी सवड आहे त्यांनाच परवडते. भटक्या श्रमिकांच्या मुलांना त्यांच्यामागे चालत येणारी शाळा हवी, आणि तिचा खर्च उचलणे हे समाजाचे कर्तव्य आहे.